गौड, पाटील आणि तोटी

पुण्याहून पाहुणे आले की साड्यांसाठी मला त्यांना चिकपेटेत न्यावेच लागते. तिथे ते दुकानांच्या पाट्या वाचतात: गौडा, हेगडे, पटेल, मध्येच एखादे कुलकर्णी. मग हळूच विचारतात, "हे लोक म्हणजे कोण?" जात विचारण्याची ही आपली सभ्य रीत. मी सांगतो, आडनावावर विसंबू नका. पलीकडे विजापूर-बेळगावकडे पाटील लिंगायत आहेत, जैन आहेत, मुसलमानही आहेत. नाव जातीचे नव्हते, कामाचे होते.

चिकपेटे आणि दोड्डपेटे जिथे एकमेकींना छेदतात, तिथून केंपेगौडाने १५३७ मध्ये ही पेठ आखली असे सांगतात. त्याच्या नावातला 'गौड' हा हुद्दाच. जुन्या कन्नड शिलालेखांत तो 'गामुंड', 'गावुंड' असा भेटतो, अर्थ गावचा मुख्य. 'हेगडे' मूळचा 'पेर्गडे'. कन्नडात शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. गावचे दप्तर लिहिणारा 'सेनबोव' शानभोग झाला. आपला पाटील ताम्रपटांतल्या 'पट्टकिला'चा वारस, आणि म्हैसूर राज्यात गावच्या मुख्याला 'पटेल' म्हणत. १६३८ च्या सुमारास बेंगळूर विजापूरकरांनी जिंकले, शहाजीराजांना जहागीर मिळाली आणि मराठी व कन्नड हुद्दे एकाच पेठेत वावरू लागले.

१९९६ साली गंमत झाली. कर्नाटकचे मुख्यमंत्री देवेगौडा पंतप्रधान झाले आणि त्यांच्या जागी जे. एच. पटेल आले. गौड गेला, पटेल आला, अर्थ तोच. शिवाय 'देवेगौडा' हे आडनाव नव्हेच. 'एच' म्हणजे हरदनहळ्ळी हे गाव, 'डी' म्हणजे वडील दोड्डेगौडा, आणि उरते ते त्यांचे स्वतःचे नाव. आडनावाचा रकाना नंतरच्या अर्जांनी मागितला.

हुद्दे मात्र कायद्याने गेले. कर्नाटकात १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत गावकामे रद्द झाली, महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी. काम गेले, मान नावात राहिला.

पण गावगाड्यात गौड आणि शानभोग एवढेच नव्हते. निरोप पोचवणारा, राबणारा तोटी होता, तळ्याचे पाणी सोडणारा नीरगंटी होता. तेही हुद्देच, तेही वंशपरंपरेचे. आपल्याकडे महार वतनाला बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणून हात घातला, तो यासाठीच: त्या वतनात मान नव्हता, बांधिलकी होती.

माझ्या ओळखीच्या दुकानात गठ्ठे उचलणारा एक मुलगा आहे. बँकेच्या अर्जात आडनाव हवे म्हणून तो माझ्याकडे आला. आजोबा तोटी होते, हे त्याने खाली बघत सांगितले. "ते नको लिहू या," म्हणाला. आम्ही त्याच्या गावाचे नाव लिहिले.

चिकपेटेतल्या पाट्या मी अजूनही वाचतो. गौडा, पटेल, कुलकर्णी. तोटी अशी पाटी मला अजून दिसलेली नाही. पाहुण्यांना आता मी तेवढेच दाखवतो: गावाने कोणते काम नावात जपले, आणि कोणते पुसावेसे वाटले.