पेनाईन वे : नकाशावर नसलेली वाट आणि शेवटून वाचायचे पुस्तक

२२ जून १९३५ रोजी लंडनच्या ‘डेली हेरल्ड’ या दैनिकात टॉम स्टीफन्सन या पत्रकाराचा एक लेख प्रसिद्ध झाला. निमित्त साधेच होते. दोन अमेरिकन तरुणींनी पत्राने विचारणा केली होती की, आमच्याकडे ॲपलेशियन ट्रेल आहे, तशी डोंगरांतून जाणारी लांब पल्ल्याची पायवाट इंग्लंडात आहे काय? तशी वाट नव्हती. मग ती असावी, असे स्टीफन्सनने लिहिले. पीक डिस्ट्रिक्टपासून निघून पेनाईन डोंगररांगेच्या कण्यावरून थेट स्कॉटलंडच्या सीमेवरील चेव्हियट टेकड्यांपर्यंत जाणारी वाट त्याच्या डोळ्यांपुढे होती. ती प्रत्यक्षात उतरायला ३० वर्षे लागली.

इतका विलंब का व्हावा? डोंगर होते, चालणारे होते, आणि नकाशे तर जगातील उत्तमांपैकी होते. मात्र हे नकाशे पायी भटकणाऱ्यांसाठी काढलेलेच नव्हते. १७४६ मध्ये स्कॉटलंडमधील जॅकोबाइट बंड चिरडल्यावर तो डोंगराळ मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी सैन्याने १७४७ पासून त्याची मोजणी केली. पुढे फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने १७९१ मध्ये ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ ही संस्था आकाराला आली. ऑर्डनन्स म्हणजे तोफा आणि दारूगोळ्याचे खाते. संस्थेचे नावच तिचे मूळ सांगते. १८०१ साली तिचा पहिला नकाशा छापून निघाला, तोही फ्रान्ससमोरच्या केंट परगण्याचा.

या नकाशांत ओढा, कडा, टेकडी सारे नेमके असे. मात्र त्यांवर एक सूचनाही छापलेली असे : येथे दाखवलेला रस्ता अथवा पायवाट हा तेथून जाण्याच्या हक्काचा पुरावा समजू नये. या एका ओळीत सारा प्रश्न सामावलेला होता. पेनाईनचे उंच, उघडे माळ जमीनदारांच्या खासगी मालकीचे होते. तेथे ग्राउस पक्षी राखले जात आणि शिकारीच्या हंगामासाठी इतर सर्वांना मज्जाव असे. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कामगारांना हे डोंगर घरातून दिसत. तेथे पाऊल ठेवले की राखणदार हाकलून देत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण ठरवून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. त्यांच्यापैकी पाच जणांना कारावास झाला.

स्टीफन्सनच्या लेखाला ही पार्श्वभूमी होती. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल त्याने स्वतः तुरुंगवास भोगला होता. हार मानणाऱ्यांपैकी तो नव्हता. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला. प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांची पाहणी करून त्यांचा अधिकृत नकाशा तयार करावा, असे बंधन त्या कायद्याने घातले. पुढे ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवरही या हक्काच्या वाटा छापल्या जाऊ लागल्या. जो कागद आजवर कशाचीच हमी देत नव्हता, तो आता चालणाऱ्याच्या बाजूने साक्ष देऊ लागला. २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे किंडरच्या त्या घटनेला ३३ वर्षे झाली त्याच तारखेला, पेनाईन वेचे उद्घाटन झाले. लांबी २६८ मैल, सुमारे ४३१ किलोमीटर.

हक्क मिळाला, आता पिशवीत काय घ्यावे हा प्रश्न उरला. तो क्षुल्लक नव्हता. मैलाला एक इंच या प्रमाणाचे नकाशे थोडक्या पत्रकांत भागत, परंतु त्यांत शेतांचे बांध नसत; आणि पेनाईनच्या धुक्यात दगडी बांध हाच पुष्कळदा एकमेव आधार असतो. मैलाला अडीच इंच प्रमाणाच्या नकाशांत बांध असत, परंतु त्यांचे एकेक पत्रक जेमतेम १० किलोमीटर लांबीरुंदीचे. साऱ्या वाटेसाठी अशी पत्रके डझनावारी लागत. पाऊस आणि वारा यांत ती उलगडायची कशी, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

ही अडचण आल्फ्रेड वेनराइटने ओळखली. हा केंडल गावच्या नगरपालिकेचा कोषाध्यक्ष. लेक डिस्ट्रिक्टमधील २१४ शिखरांवर त्याने सात पुस्तके रचली होती, आणि त्यांतील अक्षरन्‌अक्षर व चित्रन्‌चित्र हाताने काढले होते. हिशेबनीसाची शिस्त आणि चित्रकाराचा हात असा योग क्वचितच येतो. १९६८ मध्ये त्याचे पेनाईन वेवरील पुस्तक आले. त्याची मांडणी विलक्षण आहे : ते शेवटच्या पानापासून सुरू होते आणि प्रत्येक पान खालून वर वाचायचे असते. कारणही सरळ आहे. वाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि नकाशात उत्तर वर असते. चालणाऱ्याच्या समोर जे, तेच पानावर वर. वाट अरुंद पट्टीसारखी पानोपानी सरकते. बांध, फाटक, ओहोळ क्रमाने येतात.

वेनराइटला स्वतःला ही वाट मुळीच आवडली नाही. ब्लॅक हिलच्या माथ्यावर तो काळ्या दलदलीत असा रुतला की सोबत्याने आणि राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकाने त्याला ओढून काढले. (या माथ्याचे नाव ‘सोल्जर्स लम्प’, म्हणजे शिपायांचा उंचवटा, मोजणीसाठी आलेल्या लष्करी अभियंत्यांवरून ते पडले.) १९६७ च्या लाळ-खुरकताच्या साथीत माळ बंद झाल्याने कामही रखडले. तरीही वाट पूर्ण करणाऱ्यास शेवटच्या गावातील बॉर्डर हॉटेलात आपल्या खर्चाने बिअर मिळेल, असे त्याने जाहीर केले आणि ते पाळले. १९६९ मध्ये स्टीफन्सनचे अधिकृत मार्गदर्शक पुस्तकही आले. वाटेमागचा लढा ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने ते वाचावे. धुक्यात मात्र वेनराइटच हाताशी हवा.

सह्याद्रीत नेमकी उलट स्थिती होती. घाटवाटा पिढ्यान्‌पिढ्या वापरात होत्या. दुर्मीळ होता तो नकाशा. किनारपट्टी आणि सीमा यांलगतच्या विस्तृत पट्ट्याचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधित होते, आणि सह्याद्रीचा मोठा भाग त्या पट्ट्यात येतो. २००५ च्या नकाशा धोरणाने हे बंधन सैल केले, २०२१ च्या नियमांनी अधिक. तोवर मराठी भटक्यांची भिस्त गावच्या वाटाड्यावर आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांवर होती.

१९७३ मध्ये वेनराइटने इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची स्वतः आखलेली वाट पुस्तकरूपाने मांडली. हे केवळ उदाहरण आहे; वाचकाने नकाशा घेऊन आपली वाट आपण शोधावी, असा त्याचा आग्रह होता. लोकांनी नकाशा उघडला नाही. हजारो जण त्याच्याच रेषेवरून चालत राहिले. तिचे काही भाग तर हक्काच्या वाटांवर नव्हतेच. पुढच्या आवृत्त्यांत ते बदलावे लागले. २०२२ मध्ये तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा देण्याचे जाहीर झाले.

पेनाईन वेवरही तेच घडले. एकाच रेषेवरील पावलांनी माळाची मऊ माती चिखल होऊन खचली, आणि अखेर तेथे फरशा अंथराव्या लागल्या. त्या आणल्या पाडलेल्या कापडगिरण्यांतून. अमेरिकन यादवीच्या काळात मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर लँकेशायरच्या ज्या गिरण्या तगल्या, त्याच पट्ट्यातील गिरण्यांची जमीन आता ब्लॅक हिलच्या दलदलीवर पसरलेली आहे, आणि वेनराइट जेथे रुतला होता तेथून पर्यटक कोरड्या बुटांनी पुढे जातात.