मोफत आणि मुक्त

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेनं विचारलं, "सर, नेटवर सगळं फुकटच मिळतं, मग 'मुक्त शैक्षणिक साधनं' हा वेगळा शब्द कशाला?" त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

४ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेतल्या एमआयटीनं जाहीर केलं, की आपल्या जवळजवळ सगळ्या अभ्यासक्रमांची टिपणं, वाचनयाद्या, गृहपाठ आम्ही इंटरनेटवर ठेवणार. तेव्हा मोठमोठी विद्यापीठं ऑनलाइन शिक्षण विकायची स्वप्नं बघत होती, आणि त्यात हे! पदवी नाही, शिक्षक भेटणार नाही; शिकवण्याचं साहित्य मात्र खुशाल घ्या. जुलै २००२ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव ठरलं. त्याच डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. फरक आहे तो इथं. मोफत म्हणजे वाचायला पैसे नाहीत, एवढंच. मुक्त म्हणजे नक्कल करा, भाषांतर करा, बदला, पुढं द्या. मूळ कर्त्याचं नाव तेवढं सांगा. एमआयटीनं 'यावर धंदा करू नका' अशीही अट घातली.

पण परवानगी मिळाली म्हणून भाषांतर आपोआप होत नाही. तैवानमधल्या ल्युसिफर चू यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चिनी भाषेत आणलं होतं. त्या मानधनातून त्यांनी २००४ मध्ये एमआयटीचे अभ्यासक्रम चिनीत आणायचं काम सुरू केलं, स्वयंसेवकांना हाताशी धरून. जादूच्या अंगठीच्या पैशांवर अभियांत्रिकी! मराठीत असा कोणी निघाला, तर मी पहिला हात वर करीन. फक्त विचारीन, तपासणार कोण?

कारण मी पोळलोय. कांटवरच्या माझ्या मराठी टिपणांत 'अ प्रायोरी'साठी एके ठिकाणी मी 'जन्मजात' लिहून बसलो. हवं होतं 'अनुभवनिरपेक्ष'. जन्मजात कल्पना तर कांटला मान्यच नव्हत्या! पुढच्या वर्षी मी दुरुस्ती केली, पण जुनी झेरॉक्स वर्गावर्गांतून फिरतच राहिली. ती निदान एका गावापुरती होती. नेटवरच्या प्रती कुठं कुठं जातील, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना तर एकदा दिला की मागं घेता येत नाही.

अकरा वर्षांनी पेपर तपासत होतो. सुंदर अक्षर, नेटकं उत्तर, आणि मधोमध माझा तो 'जन्मजात'. गुण कापायला हात धजला नाही.