रेल्वे फाटकावर गाडी आपोआप बंद होते? तो बिघाड नाही! आपल्या भागात या सिस्टमने डिझेल खरंच वाचतं का, जाणून घ्या

चंद्रपूर / गडचिरोली : नवी गाडी घरी आली की पहिल्या आठ दिवसांत हा किस्सा हमखास घडतो. फाटक बंद आहे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, क्लचवरचा पाय काढला आणि इंजिन एकदम गप्प! चालक घाबरून चावी फिरवतो, मागचे हॉर्न वाजवतात. प्रत्यक्षात नुसता क्लच दाबला असता तरी इंजिन पुन्हा सुरू झालं असतं.

या सोयीला 'स्टार्ट-स्टॉप' म्हणतात. गाडी थांबली, गिअर न्यूट्रलमध्ये आला आणि क्लच सुटला की गाडीतला कॉम्प्युटर काही क्षणांत इंजिन बंद करतो. क्लच दाबताच स्टार्टर फिरतो आणि इंजिन चालू होतं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत हेच काम ब्रेकच्या पायावर चालतं.

ही कल्पना जुनी आहे. जपानच्या टोयोटा कंपनीने १९७० च्या दशकातच क्राऊन गाडीवर ती वापरून पाहिली होती. आपल्याकडे महिंद्राने २००८ च्या सुमारास 'मायक्रो हायब्रिड' या नावाने स्कॉर्पिओ आणि बोलेरोत ती आणली. नावात हायब्रिड असलं तरी ती गाडी बॅटरीवर चालत नाही. इंजिन थांबवणं आणि उठवणं एवढंच तिचं काम. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्यांत 'स्मार्ट हायब्रिड' दिलं. दुचाकीत हिरोची 'आय थ्री एस' २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टवर आली. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की ती बंद होते, क्लच दाबला की सुरू. हँडलजवळ तिचं बटण असतं.

कंपन्या ही सिस्टम बसवतात त्यामागे ग्राहकाचं डिझेल वाचवणं एवढंच कारण नाही. २०१७ पासून केंद्र सरकारने कार कंपन्यांना सरासरी इंधन वापराची मर्यादा घालून दिली आणि २०२२ पासून ती आणखी कडक केली. मायलेजच्या चाचणीत गाडी मधूनमधून उभी केली जाते. तिथे इंजिन बंद राहिलं की कागदावरचा आकडा सुधारतो.

मग आपल्या खिशात काय पडतं? चारचाकी नुसती उभी राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर इंधन पिते. फाटकावर दहा मिनिटं थांबलात तर अंदाजे १०० मिली गेलं. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर ९ रुपये. येता-जाता दोन वेळा, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४५० रुपये. नागभीड, सिंदेवाही, मूलकडच्या ज्या रस्त्यांवर अजून फाटक आहे, तिथल्या रोजच्या प्रवाशाला हा हिशेब लागू पडतो. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमुळे रांग लागली की तिथेही तेच.

पण गडचिरोलीहून सिरोंचाला निघालेली गाडी सुमारे दोनशे किलोमीटरच्या वाटेत थांबतेच किती वेळा? जंगलातल्या मोकळ्या रस्त्यावर ही सिस्टम जवळपास बेकार बसून राहते. पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर तीन ते दहा टक्के बचतीची गोष्ट सांगतात, ती इथे धरून चालू नये. केवळ या सोयीसाठी महागडं मॉडेल घेणं आपल्या भागात परवडत नाही.

उन्हाळ्यात तर आणखी गंमत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, एसी पूर्ण जोरात असतो. अशा वेळी केबिन गरम होऊ नये म्हणून बऱ्याच गाड्या इंजिन बंदच करत नाहीत. बॅटरी उतरलेली असली किंवा इंजिन अजून थंड असलं तरीही नाही. तेव्हा "सिस्टम खराब झाली" म्हणून गॅरेजवाल्याकडे धावायची गरज नाही.

खरा खर्च बॅटरीत आहे. रोज दहा-वीस वेळा स्टार्टर मारायचा म्हणून या गाड्यांत मजबूत, खास प्रकारची बॅटरी असते. ती साध्या बॅटरीपेक्षा चांगलीच महाग. पैसे वाचवायला म्हणून साधी बसवली तर ती लवकर बसते, आणि आपल्या उन्हात कोणतीही बॅटरी तशीही कमी टिकते. भामरागड-एटापल्लीकडे रात्री पेशंट घेऊन निघालेली गाडी बॅटरीपायी अडली तर काय होईल, याचा विचार करून बॅटरी घ्या. जुनीवर 'ईएफबी' किंवा 'एजीएम' लिहिलं असेल तर नवीही त्याच प्रकारची हवी. गॅरेजमध्ये "चालते ना" म्हणणारे पुष्कळ भेटतील.

सिस्टम नको असेल तर डॅशवर बटण असतं. बहुतेक गाड्यांत 'ए' अक्षराभोवती गोल बाण असलेलं. अनेक गाड्यांत चावी बंद करून पुन्हा सुरू केली की सिस्टम परत चालू होते, म्हणून दरवेळी दाबावं लागतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाण्याआधी ते नक्की दाबा. पाण्यात थांबून इंजिन बंद झालं तर सायलेन्सरमधून पाणी आत शिरू शकतं. पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं असेल तेव्हा मात्र बटणाचा प्रश्नच नाही, गाडी घालूच नये.

अजून एक. आपोआप बंद झालेली गाडी पूर्ण बंद नसते. चालक तशीच सोडून चहाला गेला तर बॅटरी उतरते. बेल्ट काढून दार उघडलं तर अनेक गाड्या क्लचवर उठत नाहीत, चावीच लागते.

जुन्या गाडीवाल्यांना हीच बचत फुकटात मिळते. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारं इंधन उभ्या गाडीत जळणाऱ्या इंधनापेक्षा कमी असतं. फाटक पडलं की चावी बंद करा. दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' मोहीम याच गोष्टीसाठी झाली. टर्बो डिझेल गाडी भरधाव किंवा घाट चढून आली असेल तर मात्र अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावी.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय अजून अनेकांना आहे. तिची या सिस्टमशी तुलना करू नका. स्टार्ट-स्टॉप उभ्या गाडीसाठी आहे. धावत्या गाडीचं इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं, एक-दोन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा लागतो, आणि चावी पूर्ण मागे फिरवली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन आपोआप तोडतात, त्यामुळे बंद करून फायदाही काही होत नाही.