तांब्याच्या पत्र्यावरील नाव

इंग्लंडमध्ये ग्रंथकाराच्या हक्काला १७१० साली, राणी ॲनच्या कायद्याने, मान्यता मिळाली. चित्रकाराला मात्र आणखी पंचवीस वर्षे थांबावे लागले. आणि तीही मान्यता कोणा आश्रयदात्याच्या औदार्याने आली नाही. विल्यम हॉगार्थ या हट्टी कलावंताने ती मागून, जवळजवळ भांडून घेतली.

हॉगार्थची उमेदवारी चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे झाली. चित्र काढावे, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरावे आणि कागदावर छापून विकावे, हा त्याचा चरितार्थ. १७२४ साली लंडनच्या नाट्याभिरुचीची टवाळी करणारे एक चित्र त्याने स्वतःच प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नकला थोड्याच दिवसांत चित्रविक्रेत्यांच्या दुकानांत निम्म्या किमतीला मिळू लागल्या. १७३२ मधील ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ या सहा चित्रांच्या मालिकेला एक गिनी वर्गणी भरणारे हजाराहून अधिक ग्राहक लाभले. पण नकलाकारांनाही तिचा लाभ झाला. छापील चित्र समोर ठेवून नवा पत्रा कोरला की छापताना आकृती उलटते आणि उजव्या हातातील वस्तू डाव्या हातात जाते. जाणकाराला एवढ्यावरून चोरी उमगे. स्वस्त चित्र भिंतीवर लावणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचे काय!

हॉगार्थने जॉर्ज व्हर्ट्यूप्रभृती समव्यवसायी मिळवून पार्लमेंटकडे अर्ज केला आणि २५ जून १७३५ पासून कायदा अमलात आला. स्वतः कल्पिलेले चित्र स्वतः कोरणाऱ्याला प्रकाशनापासून चौदा वर्षे अनन्य हक्क मिळाला. नकलेचे पत्रे जप्त व्हावयाचे आणि दर प्रतीमागे पाच शिलिंग दंड. अट एकच महत्त्वाची होती: प्रत्येक पत्र्यावर आणि प्रतीवर मालकाचे नाव व प्रकाशनाचा दिनांक कोरलेला हवा.

‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही नवी मालिका हॉगार्थने त्या दिवसापर्यंत हेतुतः रोखून धरली. तेव्हा चोरांनी चित्रे पाहण्याच्या मिषाने त्याच्या घरी माणसे पाठविली आणि त्यांच्या स्मरणावरून नकला कोरवून त्या आधीच बाजारात आणल्या. यावर त्याने काढलेला तोड मार्मिक आहे. टॉमस बेकवेल या विक्रेत्याकडून त्याने त्याच मालिकेच्या अधिकृत, लहान प्रती अडीच शिलिंगांना काढविल्या. कायद्याने जे साधणार नव्हते ते त्याने किमतीने साधले.

या कायद्याने रंगचित्राला मुळीच संरक्षण दिले नाही; ते इंग्लंडमध्ये १८६२ साली मिळाले. टीकाकार याला उणीव म्हणतात, आणि चित्रकाराच्या दृष्टीने ती होतीच. तथापि ज्या वस्तूच्या प्रती सहज निघतात, तिथेच चोरी मोठी होते, ही हॉगार्थची व्यावहारिक जाण त्यात उतरली आहे. आजचा चित्रकार आपले चित्र संगणकाच्या जाळ्यावर ठेवतो, तेव्हा त्याची स्थिती दरबारी चित्रकारापेक्षा या छापील चित्रे विकणाऱ्याच्या अधिक जवळची असते. फरक इतकाच की आता नक्कल उलटत नाही. ती मुळाइतकीच स्वच्छ निघते, आणि कोपऱ्यातील सही कातरून टाकायला क्षणही पुरतो.

भारतात १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश कायदाच थोड्या फेरफाराने लागू झाला. त्याची जागा १९५७ च्या स्वतंत्र कायद्याने घेतली. या कायद्यानुसार हक्क निर्माण होण्यासाठी चित्रावर नाव असावे लागत नाही, की नोंदणीही करावी लागत नाही. हॉगार्थला ही सवलत अद्भुत वाटली असती. तरीही नावाचे महत्त्व संपलेले नाही. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर ज्याचे नाव आढळते तोच कर्ता, असे ५५ वे कलम गृहीत धरते. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-ब हे कलम कृतीशी जोडलेली हक्कविषयक माहिती, म्हणजे तीत कर्त्याचे नावही आले, जाणूनबुजून व अधिकाराविना काढून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते.