झोजिलाच्या बर्फात, १ नोव्हेंबर १९४८

पालम, ऑक्टोबर १९४८. अजून उजाडायचं आहे. तुमच्या ओळखीचं पालम इथं कुठंच नाही. काचेच्या भिंती नाहीत, सरकते जिने नाहीत, सामानाचा पट्टा नाही. एक धावपट्टी, पत्र्याच्या शेडी आणि रांगेत उभी असलेली डाकोटा विमानं, एवढंच. शहरात किंग्जवे कॅम्पला निर्वासितांचे संसार अजून राहुट्यांत आहेत. वर्षभरापूर्वी, २७ ऑक्टोबर १९४७ ला, शीख रेजिमेंटची पहिली बटालियन दिल्लीहून अशाच डाकोटांतून श्रीनगरला उतरली होती. काश्मीरची ती लढाई संपलेली नाही आणि आता तुमची पाळी आहे. खिशात हुकूम आहे : सातव्या कॅव्हलरीत रणगाड्याचा चालक म्हणून हजर व्हा.

विमानात दोन्ही कडांना पत्र्याची बाकं आणि मधे दोरखंडानं आवळलेली पोती. पीर पंजालवरून जाताना थंडी बुटांतून वर चढत जाते. शेजारचा पोरगा गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे. तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला नाही. त्याला ते सांगायची तुम्हाला मुभा नाही. तुम्ही इथं आला आहात ते निकाल ऐकायला नव्हे, तो कोणी आणि कसा घडवला ते जवळून पाहायला.

श्रीनगरहून सोनमर्ग, सोनमर्गहून बालटाल. सिंध नाल्याच्या काठी तंबू आहेत आणि समोर सरळ उठलेला डोंगर. त्याच्या माथ्यावरून पलीकडे उतरते ती झोजिला खिंड, ३,५२८ मीटर उंच. काश्मीर खोऱ्यातून लडाखला जायची वाट हीच. या उन्हाळ्यात ती गेली. पाकिस्तानच्या बाजूनं लढणाऱ्या गिलगिट स्काउट्स आणि त्यांच्या साथीदारांनी आधी कारगिल घेतलं, मग द्रास, मग ही खिंड. १४ ऑगस्टला स्कार्दू पडलं. लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापांनी ते सहा महिने झुंजवलं होतं. लेहमधली आपली तुकडी तग धरून आहे ती विमानांच्या जिवावर. मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथं पहिलं डाकोटा उतरवलं, शेजारी जनरल थिमय्यांना बसवून. पण विमानानं किती माणसं आणि किती धान्य नेणार? खिंड एकदा बर्फानं बुजली की वसंतापर्यंत लेहला जमिनीवरून मदत पोचणं अशक्य. सप्टेंबरात पायदळानं खिंडीवर हल्ले केले. दोन्ही बाजूंच्या कड्यांतल्या मशीनगनींनी ते परतवले.

तेव्हा थिमय्यांनी वेगळाच विचार मांडला : वर रणगाडे न्यायचे.

ताडपत्रीखाली काय आहे ते दफेदार तुम्हाला उचलून दाखवतो. स्टुअर्ट रणगाडा. रणगाड्यांच्या जातीत हलका, तरी वजन चौदा-पंधरा टन. चार माणसांचं बिऱ्हाड, पुढे ३७ मिलिमीटरची तोफ. हेच स्टुअर्ट घेऊन ही रेजिमेंट १९४४ मध्ये इम्फाळला जपान्यांशी लढली. "जम्मूकडून आणताना बुरूज उतरवून ठेवले होते," दफेदार सांगतो. "वर ताडपत्री. बघणाऱ्याला कळू नये काय चाललंय. वाटेतले पूल आधी मजबूत करून घेतले, तेव्हा कुठं ही धुडं पार झाली." मोहिमेला आधी 'डक' हे नाव होतं. लेफ्टनंट जनरल करिअप्पांनी ते बदलून 'बायसन' ठेवलं.

आता वर बघा. डोंगराच्या अंगावर मुंग्यांसारखी माणसं दिसतात. ते मद्रास सॅपर्स, मेजर थंगराजूंचे जवान. फौजेत त्यांना प्रेमानं थंबी म्हणतात. दक्षिणेकडची ही पोरं. आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. हातात कुदळी, पहारी, फावडी. बालटालपासून खिंडीपर्यंत खेचरांची एक जुनी पायवाट आहे, जेमतेम एका जनावराच्या रुंदीची. ती रणगाड्याच्या रुंदीची करायची. पहार मारून खडकात भोक पाडायचं, सुरुंग ठासायचा, बाजूला पळायचं, धूर बसला की दगड उचलून दरीत लोटायचे. दुपारी केलेल्या वाटेवर रात्री दरड येते, सकाळी पुन्हा तेच. वरून मशीनगनचा पट्टा सुटला की आडोशाला जायचं, थांबला की पुन्हा कुदळ. विरळ हवेत चार घाव घातले की दम लागतो. ऑक्टोबरच्या मध्याला वाट तयार झाली, हल्ल्याचा दिवस २० ऑक्टोबर ठरला आणि बर्फ कोसळायला लागला. हल्ला पुढे गेला. थंबी पुन्हा फावडी घेऊन वाटेवर.

त्यांच्याकडे बघताना तुम्हाला दुसरा एक सॅपर आठवायला हवा. याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, नौशेराहून राजौरीच्या वाटेवर, सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे होते. कारवारजवळच्या चेंदिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे. म्हणजे आपल्या खडकीच्या पलटणीचे. वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवलेली, दोन्ही बाजूंनी गोळीबार. राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाडा पुढे सरकेल तसे त्याच्या पट्ट्यांच्या मधून सरपटत गेले. त्यांच्या हातातल्या दोन दोऱ्या वर चालकापर्यंत गेलेल्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. असं करत ८ ते ११ एप्रिल, जखमी अंगानं, त्यांनी सेंट्रल इंडिया हॉर्सच्या रणगाड्यांना वाट मोकळी करून दिली. परमवीरचक्र त्यांना त्यासाठी मिळालं. तुम्ही चालक आहात. त्या दोरीच्या वरच्या टोकाशी बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पाय जरा चुकला तर खालचा माणूस चिरडणार. दोघांमध्ये विश्वासाखेरीज काही नाही.

१ नोव्हेंबर. आभाळ उतरलेलं, बर्फ भुरभुरतंय. रात्रभर तुम्ही पाळीपाळीनं उठून इंजिन चालू केलंय, कारण ते एकदा गारठलं की सकाळी हूं की चूं करणार नाही. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, कातडी चिकटते. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणतात, रांगेवरून एक नजर फिरवून जातात. आघाडीच्या रणगाड्यात खुद्द थिमय्या चढतात. डिव्हिजनचा सेनापती पहिल्या गाडीत! चढणीला नकार द्यायचं कारणच कोणाला उरत नाही.

दुपारी हुकूम येतो आणि तुम्ही निघता.

पहिल्या वळणालाच समजतं की मैदानात शिकलेलं इथं कामाचं नाही. तुमच्या हातात स्टिअरिंगचं चाक नाही, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावा पट्टा आवळतो आणि गाडी डावीकडे वळते. मैदानात जोरानं ओढा, काही बिघडत नाही. इथं ओढलात तर आवळलेला पट्टा धरत नाही, घसरतो, आणि पंधरा टनांचं धूड आडवं होऊन दरीकडे सरकायला लागतं. म्हणून दांडा ओढायचा तो बोटांनी. जरा ओढा, सोडा, पुन्हा जरा. पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटावर कळशी घेऊन उतरणारी बाई पाऊल टाकते, तितक्याच बेतानं. वेग एकसारखा ठेवायचा. मधेच थांबायचं नाही, कारण चढणीवर थांबलेली गाडी पुन्हा निघताना जागच्या जागी पट्टे फिरवते, खालचा बर्फ घासून काचेसारखा करते आणि मग तिथून कोणीच वर जात नाही. पुढच्या रणगाड्याच्या चाकोरीत शिरावंसं वाटतं, पण त्या चाकोरीतला बर्फ दाबून कडक झालेला असतो. एक पट्टा चाकोरीत, एक बाहेरच्या भुसभुशीत बर्फात, असं चालवायचं. आणि तो भुसभुशीत बर्फ खोल असेल तर दुसरीच भीती : रणगाड्याचं पोट जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. बर्फ त्याच्या वर गेला की पोट टेकतं, पट्टे मोकळे फिरतात आणि गाडी कासवासारखी लोंबकळत राहते.

रस्त्याची कड कुठं संपते ते बर्फानं झाकलंय. ते फक्त एका माणसाला ठाऊक आहे, जो तुमच्या पुढे दहा पावलांवर उलटा चालतो आहे. थंबी. त्याचा डावा हात वर, तुम्ही डावीकडे. तळहात समोर, तुम्ही सावकाश. या कडेचा प्रत्येक दगड त्यानं स्वतः फोडला आहे. तुम्ही दरीकडे बघतच नाही, त्याच्या हातांकडे बघता.

खिंडीचं तोंड जवळ येतं तशी झाकणं मिटवायचा हुकूम येतो. आता बाहेरचं जग तळहाताएवढं उरलं. कानात कमांडरचा आवाज, नाकात पेट्रोल आणि बारुदीचा वास. मग रणगाड्याच्या अंगावर गारा पडल्यासारखं वाजायला लागतं. त्या मशीनगनच्या गोळ्या. सप्टेंबरात ज्यांनी पायदळाला माघारी धाडलं, त्याच मशीनगनी. पण आज त्या पोलादाला लागून परत फिरतात. कमांडर सांगतो, "डावा कडा, गुहा." वर तोफ कडाडते, पुन्हा कडाडते. समोरची मशीनगन गप्प. या उंचीवर रणगाडा येईल, हे पलीकडच्यांच्या हिशेबात नव्हतं. तोवर जगात इतक्या उंचीवर रणगाडे कधी लढलेच नव्हते. मोर्चे रिकामे होऊ लागतात. मागून पायदळ कड्यांवर चढतं आणि अंधार पडता पडता खिंडीपलीकडचं गुमरी हाती येतं.

ती रात्र गुमरीला. झाकण उघडून बाहेर आलात तर वारा कापून काढतो. पायदळाकडे बर्फाळ मुलखाला पुरेसे कपडे नाहीत. रणगाड्याच्या इंजिनाच्या झडपांशी जवान दाटीवाटीनं उभे आहेत, कारण आसपास ऊब तेवढीच. एका जवानाचे बूट दोघं मिळून काढतात. बोटं पांढरीफटक, हात लावला तरी त्याला कळत नाही. हिमदंश. ही लढाई गोळ्यांइतकीच थंडीशीही आहे, आणि थंडी शरण येत नाही.

पुढचे दिवस भराभर जातात. मटायन लागलीच हाती येतं. पिंद्रासला पुन्हा कड्यांवरून प्रतिकार, तिथं बरेच दिवस मोडतात. नोव्हेंबरच्या मध्याला द्रास आणि २४ नोव्हेंबरला कारगिल. लेहचा रस्ता मोकळा झाला. १ जानेवारी १९४९ ला युद्धबंदी झाली तेव्हा लडाख भारतात होतं, ते या वाटेमुळे. राजिंदर सिंगांना महावीरचक्र मिळालं. १९६५ मध्ये ते त्यांनी दुसऱ्यांदा मिळवलं.

इथून तुम्ही आपल्या काळाकडे परत निघता आणि वाटेत तेच काम पुन्हा पुन्हा दिसत राहतं. ऑक्टोबर १९६२ : चंदीगडहून विमानांच्या पोटात घालून एएमएक्स रणगाडे चुशूलला उतरवले जात आहेत. २०२० चा हिवाळा : पँगाँग सरोवर गोठतंय आणि त्याच्या दक्षिणेच्या डोंगरांवर रणगाडे उभे आहेत. प्रत्येक वेळी त्यांच्या आधी कोणीतरी पोचलेलं आहे, फावडं, डोझर नाहीतर स्नो कटर घेऊन. झोजिला पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असायची. आता सीमा सडक संघटनेची माणसं भिंतींएवढा बर्फ कापून ती महिना-सव्वा महिन्यात उघडतात. खिंडीखालून सुमारे १३ किलोमीटरचा बोगदा खोदला जातो आहे. अलीकडचा सोनमर्गचा बोगदा १३ जानेवारी २०२५ ला खुला झाला.

झोजिलाची कथा सांगताना आपण रणगाड्यांची सांगतो. ती सांगायलाच हवी. त्या चढणीवर गाडी घालायला छाती लागते. पण तुम्ही आता ती गाडी चालवून आला आहात, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहे की बर्फात रणगाडा इंजिनाच्या ताकदीवर वर गेला नाही. तो पुढे उलट्या पावलांनी चालणाऱ्या माणसाच्या हातांवर गेला. वाट करणाऱ्याला पदकं कमी मिळतात, चित्रपट त्याच्यावर निघत नाहीत आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एखादी ओळही मिळत नाही. हे बदलणं आपल्या हातात आहे. दिल्लीत राहत असाल तर राष्ट्रीय समर स्मारक दूर नाही. तिथल्या परम योद्धा स्थळावर २१ परमवीरांचे पुतळे आहेत, त्यांत राम राघोबा राणे आहेत. घरच्या मुलांना घेऊन जा. त्यांना त्या दोन दोऱ्यांची गोष्ट सांगा, मग थंगराजूंच्या थंबींची, आणि त्यानंतर रणगाड्यांची. गोष्ट त्याच क्रमानं घडली होती.