भिंतीवरची चार मुले

चालणाऱ्या भिंतीचे चित्र मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एका बाजूला वाघावर बसलेला जटाधारी म्हातारा, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा लवाजमा. समोरून पडकी भिंत येते आहे आणि तिच्यावर ओळीने चार मुले बसली आहेत, तीन भाऊ आणि एक बहीण. सोबत वडीलधारे कोणी नाही. कीर्तनात, कॅलेंडरवर, सिनेमात हा प्रसंग इतक्या वेळा आला आहे की तो आळंदीतच जन्मला आणि आळंदीतच वाढला, असे आपण धरून चालतो. आळंदीत ती भिंत आजही दाखवतात. पण या कथेची कुळी शोधायला निघालो, तर वाट थेट तुर्कस्तानापर्यंत जाते.

आधी घरची हकिगत. आपेगावचे विठ्ठलपंत कुलकर्णी लग्नानंतर काशीला जाऊन संन्यासी झाले. ते विवाहित आहेत हे कळले तेव्हा गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवले. संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला हे गावाला रुचले नाही आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने घर वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले त्याच घरात जन्मली. रूढ कालगणनेनुसार निवृत्तीचा जन्म १२७३ चा, पुढची तीन भावंडे दोन-दोन वर्षांच्या अंतराची. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. आईबापांनी नदीत देह टाकला आणि मुले मागे राहिली, असे परंपरा सांगते. तरीही मुंज झाली नाहीच. पैठणहून शुद्धिपत्र आणा, असे मुलांना सांगण्यात आले.

इथून चमत्कार सुरू होतात. ते एकापाठोपाठ एक ऐकत गेले की त्यांची एक रीत ध्यानात येते. प्रत्येक चमत्काराच्या आधी कोणीतरी मोठे माणूस नकार देते.

पैठणचा रेडा घ्या. धर्मसभेत ज्ञानदेवाच्या नावावरून चेष्टा चालली आहे. तेवढ्यात पाण्याची पखाल लादलेला एक रेडा समोरून जातो. कोणीतरी म्हणते, त्याचेही नाव ज्ञानाच आहे. दोघांत एकच आत्मा आहे, असे मुलगा उत्तर देतो. लगेच रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले जातात आणि वळ उठतात मुलाच्या पाठीवर. मग तो रेड्याच्या मस्तकावर हात ठेवतो आणि रेडा वेद म्हणू लागतो. ज्या मुलाला मुंजीअभावी वेदाचा उच्चार करायला बंदी, त्याने पखालीच्या जनावराकडून तो करवून घेतला. कथा रचणाऱ्याला नेम कुठे धरायचा हे पक्के ठाऊक होते. या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे आणि लोक तिथे दर्शनाला जातात.

दुसरी कथा मांड्यांची. निवृत्तीला मांडे खावेसे वाटले. मांडा साध्या तव्यावर होत नाही. त्याला कुंभाराचे खापर लागते. ते चुलीवर पालथे घालायचे, खालून चांगला जाळ करायचा आणि हातांवर फिरवत पातळ केलेली पोळी त्या तापलेल्या घुमटावर अलगद पसरायची. खानदेशात आजही मांडे असेच करतात. मुक्ता खापर आणायला कुंभारवाड्यात गेली, तर विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाने कुंभारांना दम भरून ठेवलेला. एकाही कुंभाराने खापर दिले नाही आणि मुलगी रडत परत आली. तेव्हा ज्ञानदेवाने जठराग्नी पेटवून आपली पाठ तापवली आणि मुक्ताने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. लपून पाहणाऱ्या विसोबाने शेवटी त्यांचे उष्टे खाल्ले. हाच विसोबा पुढे विसोबा खेचर झाला आणि नामदेवांचा गुरू ठरला.

गावाने वेद नाकारला, खापर नाकारले. मुलांनी त्यातून राज्य मिळवले नाही की कोणाला शाप दिला नाही. त्यांच्या वाट्याचे जे अडवले होते तेवढेच त्यांनी करून दाखवले. आईबाप नसलेल्या पोरांच्या संसारात सिद्धीचा उपयोग असा घरगुती आहे.

मुळात या सिद्धी आल्या कुठून? त्याचेही उत्तर कथेतच आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि लहानगा निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. तिथे नाथपंथी योगी गहिनीनाथ बसलेले होते, तेच त्याचे गुरू झाले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात ती हीच : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. नाथपंथात योग्याला सिद्धी असणे हे ओघानेच येते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झालेल्या योग्याचे वर्णन आहे. तो समुद्रापलीकडचे पाहतो, स्वर्गातली कुजबुज ऐकतो, मुंगीच्या मनातले ओळखतो आणि पाण्यावरून पाय न भिजवता चालतो. पण या गोष्टी वाटेत सहज भेटणाऱ्या आहेत, मुक्काम त्यांच्या पुढे आहे, असाच तिथला सूर. स्वतःच्या रेड्याबद्दल, भिंतीबद्दल या लेखकाने नऊ हजारांवर ओव्यांत अवाक्षर काढलेले नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात हा ग्रंथ पुरा झाला तेव्हा त्याचे वय पंधरा.

आता भिंत. चांगदेव हा तापीकाठचा योगी. चौदा वेळा मृत्यूला चुकवून तो चौदाशे वर्षे जगला, अशी त्याची ख्याती. ज्ञानदेवाची कीर्ती ऐकून त्याने पत्र लिहायला घेतले आणि मायन्यापाशीच अडला. पोराला ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाने तो मोठा, ‘तीर्थरूप’ लिहावे तर वयाने अगदीच लहान. शेवटी त्याने कोरा कागद पाठवला. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्या गेल्या, त्या ‘चांगदेवपासष्टी’ या नावाने आपल्याकडे आहेत. त्यात अद्वैताचे निरूपण आहे, वाघाचा किंवा भिंतीचा उल्लेखही नाही. पुढचे कथा सांगते : चांगदेव वाघावर बसून निघाला, आणि मुले बसली होती ती भिंतच त्याला सामोरी गेली. ज्याने सजीव प्राण्याला हाकले त्याच्यापुढे यांनी निर्जीव भिंत चालवली आणि म्हातारा खाली उतरला.

नेमका हाच डाव तुर्कस्तानात हाजी बेक्ताश वली यांच्या चरित्रात येतो. ज्ञानदेवांच्या आधीच्या पिढीतले हे अनातोलियातले सूफी संत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या त्यांच्या ‘विलायतनामा’त अकशेहिरचे सय्यद महमूद हैरानी सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन, शेकडो दरवेशांसह येतात आणि हाजी बेक्ताश एका खडकावर बसून त्यांना सामोरे जातात. कुठे तो खडक असतो, कुठे भिंत. कुर्दी प्रदेशातल्या अहले-हक्क पंथात हीच कथा सुलतान सहाक यांच्या नावावर आहे. भारतातल्या सूफींच्या आख्यायिकांतही ती फिरते. सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकाने वाघावर बसणाऱ्या आणि भिंतीवर बसणाऱ्या भारतीय सूफींवर स्वतंत्र लेख लिहिला आहे. डच अभ्यासक मार्टिन व्हॅन ब्रुइनेसन यांनी या धावत्या भिंतीचे निरनिराळे अवतार एकत्र मांडले. नाथ जोगी आणि सूफी फकीर एकाच रस्त्यांवरून हिंडत, एकाच गावांत मुक्काम करत, एकाच लोकांना गोष्टी सांगत. वाघ, साप आणि भिंत हा ऐवज त्या रस्त्यांवरचा सामाईक माल होता.

म्हणजे भिंत एकट्या आळंदीची नाही. मग आळंदीचे त्यात काय?

तुर्की कथेत दोन जाणते शेख समोरासमोर येतात. दोघांनाही मान आहे, दोघांमागे माणसे आहेत. थोर कोण, एवढाच तिथला प्रश्न आणि भिंत त्याचा निकाल लावते. मराठी सांगणाऱ्याने सांगाडा तोच ठेवला आणि माणसे बदलली. वाघावर त्याने चौदाशे वर्षांचे वय बसवले. भिंतीवर बसवली आईबाप नसलेली, मुंज न झालेली, गावाने वाळीत टाकलेली चार भावंडे. बरोबरीच्यांची चढाओढ तिथे संपली आणि वय विरुद्ध बाळपण असा सामना उभा राहिला. दुसरे असे की भिंत एकट्या ज्ञानदेवाला घेऊन चालत नाही, भावंडांची ओळ तिच्यावर अखंड राहते. चांगदेवाने शेवटी गुरू केले तेही ज्ञानदेवाला नव्हे, सगळ्यांत धाकट्या मुक्ताला. रागावून झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाला ताटीच्या अभंगांतून समजावणारी तीच. या घरात आईची जागा तिने घेतली होती. सर्वांत लहान मुलगी गुरू आणि सर्वांत म्हातारा पुरुष शिष्य, हा शेवट ‘विलायतनामा’त नाही.

या रूपात कथा टिकवण्याचे श्रेय सांगणाऱ्यांच्या लांब साखळीला आहे. नामदेवांच्या नावावरच्या ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांत भावंडांचे चरित्र येते. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला आणि त्यातून हे प्रसंग देवळादेवळांतल्या वाचनात गेले. १९४० मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये दामले-फत्तेलाल यांनी भिंत पडद्यावर चालवली. त्यात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक ख्रिस्ती कुटुंबातले होते. पाहणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

मुलांच्या हाती वेळ मात्र थोडा होता. १२९६ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, वय एकवीस. महिनाभरात सासवडला सोपान गेला. पुढच्या वर्षी तापीकाठी मुक्ताबाई गेल्या आणि मग त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. वर्ष पुरे व्हायच्या आत घर रिकामे झाले. चौदाशे वर्षे जगलेला म्हातारा त्यांच्या कथेत का हवा होता, ते या तारखाच सांगतात.

चमत्कार खरा की खोटा या वादात आपण पिढ्या घालवल्या. भिंतीचा सांगाडा परक्याचा निघाला म्हणून कथेचे मोल घटत नाही. उलट मराठीने त्यात काय घातले हे आता नेमके बोट ठेवून दाखवता येते. सिद्धी सगळ्यांकडच्या कथांत आहेत. त्या टाकून दिलेल्या पोरांच्या हाती देणे, आणि पोरांनी त्या सूडासाठी वापरू नयेत असे ठरवणे, हे इथल्या सांगणाऱ्यांचे स्वतःचे काम आहे.