इशाऱ्याच्या दिव्याचा इतिहास

मोटारगाडीत चालकाच्या समोर जी मापकांची पट्टी असते, तीवर काही बारीक दिवे बसविलेले असतात. टाकीतील तेल संपत आले, तेलात पाणी शिरले किंवा फिल्टर तुंबला, म्हणजे त्यांतील एखादा दिवा पेटून चालकास सावध करतो. हे दिवे आले कसे, त्यांच्या पूर्वी लोकांचे कसे चालत असे, आणि त्यांच्यावर भरवसा कोणत्या अटीवर ठेवावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात माझी हयात गेली. परंतु मुदखेड जंक्शनावर सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल घालणाऱ्या दिवेवाल्याचा मी मुलगा आहे. आणि त्या नात्याचा या विषयाशी संबंध कसा पोहोचतो, ते ओघाने पुढे येईलच.

प्रथम इंजिनाची हकीकत पाहू. रूडॉल्फ डीझेल हा जर्मन इंजिनिअर १८५८ साली पॅरिस येथे जन्मला. १८९३ साली त्यास आपल्या कल्पनेचे पेटंट मिळाले, आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथील कारखान्यात त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने भडका होतो. या इंजिनात ठिणगीच नाही. सिलिंडरातील हवा इतकी दाबावयाची की, तिची उष्णता पाचशे अंशांच्या वर जावी, आणि त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडावयाचा. तो आपोआप पेटतो. वाफेच्या तत्कालीन इंजिनाच्या मानाने इंधनाचा दुपटीहून अधिक उपयोग या इंजिनात होत असे. संशोधकाच्या वाट्यास मात्र सुख आले नाही. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जात असता तो रात्री बोटीवरून नाहीसा झाला, आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत सापडले.

डीझेलच्या मूळ इंजिनात तेल आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे, आणि तिचे अवजड यंत्र मोटारीत बसविणे सोयीचे नव्हते. ही अडचण तेल दाबणाऱ्या लहान पंपाने दूर केली. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात असे पंप मोठ्या प्रमाणावर बनू लागले, आणि डिझेलची गाडी रस्त्यावर सर्रास धावू लागली. या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधील फट मिलिमीटरच्या अवघ्या २-३ सहस्रांशांची असते. माणसाचा केस सुमारे ७० सहस्रांश जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाची नाजूकता कळेल. शिवाय या दट्ट्यास वंगण म्हणून दुसरे काही नाही. त्यातून जाणारे डिझेल हेच त्याचे वंगण. त्यात पाणी आले की वंगण गेले, गंज आला, आणि दट्ट्या ओरखडून निकामी झाला. तेलात पाणी आहे किंवा नाही, हा प्रश्न डिझेल गाडीच्या बाबतीत एवढ्या महत्त्वाचा का, याचे उत्तर त्या फटीत आहे.

महाराष्ट्रात हे इंजिन लवकर रुजले. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात १९३३ साली डिझेल इंजिन तयार झाले. या देशात बनलेले ते पहिलेच, असे मानतात. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीवरील मोटेच्या कुरकुरीची जागा हळूहळू इंजिनाच्या धडधडीने घेतली. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली. तिची मॅटॅडोर ही गाडी इतकी घरोघर माहीत झाली की, लोक कोणत्याही तशा गाडीस मॅटॅडोरच म्हणू लागले. दूध, भाजी, वऱ्हाड, आणि आमच्या मुदखेडची गुलाब-झेंडूची फुले, सारे काही अशा गाड्यांतून गेले. जुन्या झालेल्या तसल्याच गाड्यांत पलंग, शेगडी व पाण्याची टाकी बसवून काही हौशी मंडळी त्यांची घरगाडी करतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून ही हौस अधिकच प्रतिष्ठित झाली आहे.

आता इशाऱ्यांकडे वळू. आरंभीच्या मोटारींत तेल किती उरले हे सांगणारे काहीच नसे. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत टाकी बहुधा पुढच्या बैठकीखाली असे. बैठक उचलावयाची, टाकीत काठी बुडवावयाची, आणि ओल कोठवर आली ते पाहावयाचे, हाच मापक. तेल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरत असल्यामुळे टाकीत थोडेच असेल तर उभ्या चढावर गाडी बंद पडे, आणि माहीतगार चालक ती उलटी फिरवून मागल्या पावलीच घाट चढवी. आमचा मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथे निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते-वाहतूक खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. पुढे मापक आले, तरी काठी लवकर सुटली नाही. माझ्या लहानपणीसुद्धा मालमोटारीचा क्लीनर काठी बुडवून तेल पाहत असे, आणि चालक मापकाच्या काट्यापेक्षा त्या काठीवर अधिक विसंबे.

काठीची जागा घेणारी साधने मुळात साधीच आहेत. टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो खालीवर होईल तसा विजेच्या वाटेतील अडथळा कमीजास्त होतो, आणि समोरचा काटा हलतो. तेल अगदी तळास गेल्याचे सांगणाऱ्या दिव्यासाठी काही गाड्यांत उष्णतेने बदलणारा एक मणी वापरतात. तो तेलात बुडालेला असेपर्यंत थंड राहतो. उघडा पडला म्हणजे तापतो, वीज सोडतो, आणि दिवा लागतो. पाण्याचा इशारा त्याहून सुबोध आहे. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसते. तेथे धातूची दोन टोके ठेवलेली असतात. डिझेलमधून वीज वाहत नाही. साचलेल्या पाण्यातून वाहते. पाणी टोकांपर्यंत चढले की इशारा पोहोचतो.

या सर्व रचनेत एक उणीव आहे, आणि ती मला माझ्या वडिलांच्या धंद्यामुळे कळावयास हवी होती. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडात ॲबट्स रिप्टन या ठिकाणी बर्फाच्या वादळात सिग्नलचे हात खांबाच्या खाचेत गोठले. त्या काळी 'मार्ग मोकळा' हीच सिग्नलची नेहमीची स्थिती असे. केबिनमधील माणसाने लीव्हर फिरविला, परंतु हात हलला नाही. तो 'मोकळा'च दाखवीत राहिला. एक एक्स्प्रेस कोळशाच्या गाडीवर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर थोड्याच वेळाने दुसरी एक्स्प्रेस येऊन आपटली. या अनर्थानंतर रेल्वेने रीत उलटी केली. नेहमीची स्थिती धोक्याची; तार ओढून धरली तरच हात खाली येऊन वाट देणार. तार तुटली तर वजनाने हात आपोआप आडवा होणार. मुदखेडच्या आमच्या जुन्या मीटर गेज मार्गावर हेच हात मी पाहिले आहेत.

दिव्याची रीतही तशीच. वडील रोज सायंकाळी शिडीने खांबावर चढून दिवा ठेवीत. त्या दिव्याच्या पाठीमागे एक लहान भोक असे, आणि त्यातून येणारी प्रकाशाची टिकली केबिनमधून दिसे, ती दिवा जळत असल्याची साक्ष म्हणून. शिवाय नियम असा की, सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर ड्रायव्हरने तो लालच समजावयाचा. वडील म्हणत, "विझलेला दिवा काहीच सांगत नाही, आणि काहीच न सांगणे याचा अर्थ 'थांब'."

मोटारीत नेमके उलटे आहे. तेथे अंधार म्हणजे 'सर्व ठीक' असे आपण वाचतो. तार तुटली, बल्ब गेला, तरी अंधारच. आणि तोही आपण 'सर्व ठीक' असाच वाचतो.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या पुतण्याने एक जुनी डिझेल गाडी विकत घेऊन तिची घरगाडी केली. वहिनींस, म्हणजे त्याच्या आईस, तुळजापूरला न्यावे असा बेत ठरला. वहिनींना दम्याचा विकार. निघताना इंजिन थोडे अडखळले. पुतण्या म्हणाला, "काका, एकदा गॅरेजात दाखवू का?" मी समोरच्या पट्टीकडे बोट करून म्हणालो, "एकही दिवा लागलेला नाही. चल." लोहा मागे पडले, अहमदपूर यावयाचे होते, आणि भर पावसात रात्री गाडी बंद पडली. अरुंद कडेवर गाडी उभी, शेजारून मालमोटारी पाणी उडवीत जात होत्या, आणि आत वहिनींची धाप वाढत होती. एका बसचालकाने माणुसकीने बस थांबवून त्यांस अहमदपूरच्या दवाखान्यात पोहोचविले. त्या बऱ्या झाल्या. परंतु त्या रात्री त्यांच्या श्वासाचा जो आवाज मी ऐकला, तो अद्याप कानांतून गेलेला नाही.

सकाळी मिस्त्रीने फिल्टरचा खालचा स्क्रू सैल केला. काचेच्या बाटलीत तळाशी चार बोटे पाणी आणि वर डिझेल, असे दोन थर स्वच्छ दिसले. मग त्याने पट्टी उघडली. पाण्याच्या इशाऱ्याच्या जागी बल्बच नव्हता. पूर्वीच्या कोणा मालकाने, दिवा सारखा लागतो म्हणून किंवा गिऱ्हाईकास दिसू नये म्हणून, तो काढून टाकला होता. पंप उघडावा लागला, खर्च बराच आला. दोष बल्ब काढणाऱ्याचा खरा. परंतु दिवेवाल्याचा मुलगा असून, विझलेल्या दिव्याचा अर्थ विचारल्यावाचून लावणारा मी होतो.

त्यानंतर मिस्त्रीजवळ बसून जो क्रम मी शिकलो, तो येथे सांगतो. पहिली गोष्ट, किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. बहुतेक गाड्यांत इशाऱ्याचे दिवे या वेळी क्षणभर लागून आपण जिवंत असल्याची साक्ष देतात. केबिनमधून दिसणाऱ्या त्या टिकलीचेच हे धाकटे भावंड. कोणते दिवे लागले पाहिजेत ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याच्याशी ताडून पाहावे. जो लागत नाही, तो विझलेला सिग्नल समजावा. दुसरी गोष्ट, पाण्याचा दिवा लागलाच तर आधी त्यावर विश्वास ठेवावा. इंजिन बंद करावे, घरगाडीतील शेगडी व गॅस बंद करावा, आणि फिल्टरच्या तळचे तेल पारदर्शक बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असेल तर डोळ्यांस दिसेल. तिसरी गोष्ट, पाणी नसून दिवा लागत असेल, तरच दोष सेन्सरात किंवा तारेत शोधावा. घरगाडीत पंखा, दिवे, शीतपेटी यांच्या तारा मागाहून ओढलेल्या असतात, आणि एकाच गंजलेल्या स्क्रूवर चारपाचांचे अर्थिंग बांधलेले असते. तेथे सैलपणा आला की तेलाचा काटाही मनास येईल तसा फिरतो. म्हणून टाकी बदलण्यापूर्वी तो स्क्रू घासून घट्ट करावा. १९९७ पासून प्रवासी मोटारींत कॉमन रेल नावाची जी नवी रचना आली, तीत तेलाचा दाब भयंकर असतो, त्याची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. तशा गाडीची नळी घरी कधीही सैल करू नये. आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी करू नये. रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन ते तळास बसते.

श्रोतेहो, मनुष्याने काठी टाकून दिवा घेतला, यात गैर काही नाही. रेल्वेने मात्र दिव्याबरोबर दिव्यावर पहारा ठेवण्याची शिस्तही घेतली, आणि ती शिस्त तिला माणसांच्या मरणाने शिकविली. मोटारीने दिवा घेतला, आणि पहारा आपल्यावर सोपविला. तो पहारा दोन क्षणांचा आहे. पुतण्या आता किल्ली फिरवून थांबतो, बोटाने एकेक दिवा मोजतो, आणि मागे वळून म्हणतो, "वहिनी, सगळे जागे आहेत." घरातील आम्हा मोठ्यांचे ऐकून तोही लहानपणापासून आईस वहिनीच म्हणतो. मग गाडी सुरू होते.